झुंबरबाईंचा रस

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि रस वाटून घ्यायच्या विधीला, लागणारा द्राक्षरस झुंबरबाई पगारे करायच्या. जवळजवळ तीस वर्षं केला. त्यातली शेवटची बारा वर्षं त्यांना स्वतःला तो प्यायला बंदी होती. बंदीचा ठराव माझ्या हातचा आहे. माझं अक्षर चांगलं म्हणून मला कमिटीचा सेक्रेटरी केलं होतं. चांगल्या अक्षराचा माणूसही चांगला असणार, असं लोक उगाच धरून चालतात.

मी पालिकेच्या शाळेत मास्तर होतो. आता रिटायर आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि हे लिहून काढ असं मला कुणी सांगितलेलं नाही. मंडळीतल्या कुणी वाचलं तर म्हणतील, मास्तरांचं डोकं फिरलं. म्हणू देत.

झुंबरबाई दिंडोरीकडच्या. त्यांचा नवरा देवराम आमच्या चर्चची घंटा वाजवायचा, झाडलोट करायचा, बाक पुसायचा. चर्चच्या मागे कंपाउंडात त्यांना एक खोली दिलेली होती, आणि समोरच्या चाळीत आमचं घर. एकोणसत्तर साली देवराम छातीच्या दुखण्यानं गेला. झुंबरबाई मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक करायच्या म्हणून खोली त्यांच्याकडे राहिली. पदरात एकच मुलगा, जयराम.

बाई गोड होत्या असं मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसाला साखरेत घोळायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मला जमत नाही. बाई तोंडाळ होत्या. सकाळ-संध्याकाळ मिसरी लावायच्या, आणि त्यावरून पाळकांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची, बायको काही बोलली तर म्हणायच्या, "दात माझे हायेत, तुमच्या भाकरीत तर नाय पडत ना." कुणाची डाळ कच्ची, कुणाची पोर आगाऊ, हे तोंडावर सांगायच्या. रात्रीच्या वर्गात मिशनच्या बाईंकडून वाचायला शिकल्या होत्या. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायच्या, आणि जे वाचलं ते खरंच करायचं असतं अशी त्यांची समजूत होती. आमच्यापैकी बाकीच्यांना असली अडचण कधी आली नाही.

रस करायची त्यांची रीत ठरलेली. भद्रकालीच्या बाजारातून काळ्या मनुका आणायच्या, निवडून, धुऊन गुरुवारी संध्याकाळी भिजत घालायच्या. शुक्रवारी कल्हईच्या पितळी पातेल्यात मंद आचेवर शिजवायच्या. पाणी निम्म्यावर आलं की खरी कसोटी. तिथून पुढं दोन मिनिटं जास्त झाली तर रस बुडाला लागतो आणि करपट होतो, आधी उतरवला तर पाणचट राहतो. म्हणून त्या लाकडी चमच्यावर थेंबभर घ्यायच्या, फुंकून जिभेवर ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. मग म्हणायच्या, "आजून जरा," किंवा म्हणायच्या, "उतरला." साखर एक कण नाही. मलमलीच्या फडक्यातून पिळून, गार करून, बाटलीत भरून शनिवारी माझ्या हातात द्यायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी मंडळी छोट्या छोट्या पेल्यांतून तो प्यायची. बाहेरगावचे पाहुणे विचारायचे, हा रस कुठून मागवता. आम्ही मोठ्या ऐटीत सांगायचो, आमच्या मंडळीतच होतो.

आता माझ्या शाळेतल्या रजिस्टराची गोष्ट सांगतो.

आमचे आजे-पणजे महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. गावानं त्याची दखल घेतली नाही. गावात आम्हाला पाणी वरूनच वाढत, केस कापायला न्हावी तयार नसे, आणि तिथं कुणी विचारत नसे की बाबा, तू अजून हिंदू आहेस की ख्रिस्ती झालास. मात्र सरकारी सवलत मागायला गेलं की पहिला प्रश्न तोच. ख्रिस्ती म्हटलं की राखीव जागा बंद. देव बदलला तर जात गेली, असं सरकारचं म्हणणं. सरकारनं एकदा आमच्या गावी येऊन पाणी मागून बघायला हवं होतं.

म्हणून मी माझ्यापुरता एक मार्ग काढला. मंडळीतलं कुठलंही मूल शाळेत घालायला आणलं की जातीच्या रकान्यात मी 'हिंदू महार' लिहायचो. आईबापांना विचारायचो नाही. उपकार करतोय अशीच माझी भावना होती, आणि अजूनही मी त्याला सरसकट पाप म्हणायला तयार नाही. माझ्या स्वतःच्या विलासचंही तसंच लिहिलं. त्र्याहत्तर साली त्याला त्या दाखल्यावर इंजिनिअरिंगला जागा मिळाली. आम्ही कंपाउंडात पेढे वाटले आणि चर्चमध्ये उपकारस्तुतीचं दान दिलं.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये जयराम मॅट्रिक झाला. त्याला पॉलिटेक्निकला जायचं होतं. शाळा सोडल्याचा दाखला मी घरी नेऊन दिला. झुंबरबाईंनी तो ओळीखाली बोट ठेवून वाचला आणि बोट एका जागी थांबलं.

"मास्तर, हे काय लिवलं?"

"ते सवलतीसाठी असतं, झुंबरबाई."

"आपण हिंदू हाओत का?"

"कागदावर फक्त. घाबरू नका. मंडळीतल्या सगळ्या पोरांचं असंच लिहिलंय. सतरा पोरं झाली आतापर्यंत. माझ्या विलासचंसुद्धा."

त्यांना धीर द्यावा म्हणून मी आकडा सांगितला. खरं म्हणजे थोडी बढाईही होती.

त्यांनी दाखला माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "तुम्ही भल्यासाठी केलं, ते मला कळतंय. पण ह्याचा बाप मरताना म्हनला, पोराला प्रभूत राहू दे. आता तो तिथं सही करून सांगनार, मी त्याचा नाय म्हनून? मला हे बदलून द्या."

मी समजावलं. पाळकांनी समजावलं. जयरामनं तर आईचे पाय धरले. बाईंनी वकिलाकडून प्रतिज्ञापत्र केलं, चार हेलपाटे घातले आणि दाखल्यावर 'ख्रिस्ती' करून घेतलं. खुल्या जागेसाठी जयरामला सात मार्क कमी पडले. त्या दिवशी तो आईला म्हणाला, "तुझा प्रभू मला सात मार्क देऊ शकला नाय?" दोन महिन्यांनी तो पिंपळगावला एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे गोण्या शिवायला लागला.

इथपर्यंत हे त्यांचं घरचं दुःख होतं. मंडळीला त्याची झळ नव्हती. पण आमच्याकडे एक रीत आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी तयारीची उपासना असते. पाळक विचारतात, कुणाच्या मनात कुणाबद्दल किल्मिष आहे का, असेल तर आज मिटवा आणि मगच उद्या प्रभुभोजनाच्या मेजाशी या. कुणी उठत नाही. मन तपासायला म्हणून दोन मिनिटं शांतता असते, त्यात आपण घरी जेवायला काय असेल याचा विचार करतो. मी जन्मापासून कुणाला उठलेलं पाहिलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या त्या शनिवारी झुंबरबाई उठल्या.

"माझ्या मनात हाय," त्या म्हणाल्या. "मी मास्तरांवर लय रागावलेय. त्यांनी माझ्या पोराचं खोटं लिवलं होतं. माझ्या एकटीच्या पोराचं नाय, आपल्या सतरा पोरांचं लिवलंय, त्यांच्या विलासचं बी. इथं आपण ख्रिस्ताचे आन् शाळेत हिंदू. मला मास्तरांशी मिटवायचंय. त्यांनी बी मिटवावं, आन् बाकीच्यांनी बी. मग उद्या सगळी मिळून मेजाशी जाऊ."

त्या सतरांपैकी चौघं नोकरीला लागले होते. विलासचं दुसरं वर्ष चालू होतं. कुणी सरकारला एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर सगळी घरं उघड्यावर पडली असती. बाईंच्या ते ध्यानात नव्हतं. त्यांना खरंच मिटवायचं होतं. मी उठून एवढं म्हणालो असतो की 'झुंबरबाई, तुमचं खरं आहे, पण माझाही इलाज नव्हता,' तर त्या रडल्या असत्या आणि तिथंच सगळं संपलं असतं. आज मला याची खात्री आहे. तेव्हाही होती.

मी बसून राहिलो. पाळकांनी घाईघाईनं प्रार्थना करून उपासना आटोपली, आणि त्याच संध्याकाळी कमिटी बसली. सातांपैकी पाच जणांची पोरं माझ्या रजिस्टरात होती. ठराव असा झाला: 'श्रीमती झुंबरबाई देवराम पगारे यांनी मंडळीच्या सभासदांवर जाहीर उपासनेत खोटे व बदनामीकारक आरोप केल्यामुळे त्यांना पुढील ठराव होईपर्यंत प्रभुभोजनातून बंद करण्यात येत आहे.' एक पंच म्हणाले, नुसतं बदनामीकारक म्हणू. 'खोटे' हा शब्द मी घातला. तो नसता तर कुणीतरी विचारलं असतं की मग खरं काय आहे.

दुसऱ्या दिवशी पुलपिटावरून, म्हणजे पाळक उपदेश करतात त्या चौथऱ्यावरून, तो वाचला गेला. बाई तिसऱ्या बाकावर होत्या. वाचून झाल्यावर त्या उठल्या. मला वाटलं आता दार उघडून जातील आणि पुन्हा तोंड दाखवणार नाहीत. जायला जागाही होती, कुणीही गेलं असतं. त्या चालत शेवटच्या बाकाशी गेल्या आणि तिथं बसल्या. पुढची बारा वर्षं तीच त्यांची जागा.

पुढच्या महिन्यात रसाचं काय करायचं, यावर आम्ही डोकं खाजवत होतो. कुणी म्हणालं, गुलाबाचं सरबत चालेल. शनिवारी सकाळी मी चर्चची खोली उघडत होतो तर दाराशी झुंबरबाई. पदराखाली बाटली.

मी म्हणालो, "झुंबरबाई, आता कशाला त्रास घेतलात?"

"का? माझ्या हातांना तर बंदी नाय घातली तुम्ही."

मी बाटली घेतली. काही बोलायचं म्हणून म्हणालो, "दुसऱ्या मंडळीत नाव घालायचं मनात असेल तर पत्र देतो मी."

"तिथं कशाला जाऊ? शास्त्रात म्हनलंय राहा. राहायचं म्हंजे काय मास्तर, उठून जायचं नाय. मला तरी येवढंच कळतंय." आणि मिसरीची पिचकारी टाकायला त्या कुंपणाकडे वळल्या.

मग ते तसंच पडून राहिलं. पाळक बदलून गेले. नवे आले, तेही गेले. 'पुढील ठराव' करायचा तर विषय पत्रिकेवर घ्यायला हवा, आणि पत्रिका काढायची सेक्रेटरीनं. दर महिन्याला मी पत्रिका काढत होतो. त्यात चर्चचे पत्रे असायचे, नाताळची मिठाई असायची, दफनभूमीच्या भिंतीचा विषय तर चार वर्षं चालला. बाईंचा विषय काढला की जुना ठराव वाचावा लागणार, आणि ठराव वाचला की कुणीतरी नवा माणूस विचारणार, आरोप काय होते. म्हणून मी काढला नाही. विसरलो म्हणायची सोय नाही, कारण पहिल्या रविवारी सगळे मेजाकडे निघाले की मागच्या बाकावर एकटी बाई बसलेली मला दिसायची. मांडीवर हात, नजर समोर. तो रस त्यांनीच केलेला असायचा.

जयराम सत्त्याहत्तर साली बौद्ध झाला. त्याचा मामा नाशिकरोडच्या कॉलनीत राहायचा, ते घर आधीच बौद्ध होतं. जायच्या आधी तो मला भेटायला आला. चहा घेतला नाही.

"मास्तर, मी दीक्षा घेतोय. राज्याच्या नोकरीत सवलत आहे, ते एक कारण आहे, लपवत नाही. पण मी पुस्तकं वाचली, मला ते पटलंही आहे. मी जे आहे तेच लिहिणार."

"आईला सांगितलंस?"

"तिला सांगूनच आलोय. तुम्हाला एवढ्यासाठी सांगतोय, की उद्या शाळेत कुणी विचारलं तर माझ्या नावापुढं काय लिहायचं याचा विचार तुम्ही करू नका."

बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. खोलीतून रडण्याचा आवाज यायचा, माझी बायको भाजी घेऊन गेली ती तशीच परत आली. मंडळीतल्या बायका म्हणाल्या, बघा, देवानं शिक्षा दिली. तिसऱ्या दिवशी बाई बोर्डिंगात कामाला गेल्या. पुढं जयराम एका सरकारी कचेरीत क्लार्क झाला, लग्न झालं, दर रविवारी दुपारी आईकडे जेवायला यायचा. बाई त्याला बोंबील करून घालायच्या. तो जेवण्याआधी त्या डोळे मिटून प्रार्थना करायच्या आणि तो हात आवरून थांबायचा. एकदा त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "गेला तो गेला, माझा जीव तुटला. पण उघड्या दारानं गेला."

माझा विलास तेव्हा पुण्याला सरकारी खात्यात इंजिनिअर होता. तो चर्चमध्ये फक्त नाताळला यायचा.

त्र्याऐंशीच्या एका पहिल्या रविवारी रस करपट निघाला. पेला तोंडाला लावताच अख्ख्या मंडळीची तोंडं कडू झाली. पवित्र मेज, त्यामुळे कुणाला थुंकता येईना. एका म्हाताऱ्याला ठसका लागला. तेव्हाचे पाळक रेव्हरंड आढाव नवीन आले होते, तिशीतले, नियमाला काटेकोर. उपासना झाल्यावर ते मला घेऊनच बाईंच्या खोलीवर गेले.

"आजी, आज रस करपला होता का?"

बाईंचा चेहरा उतरला. "करपला व्हय? आवं, कल्हई उडालीय पातेल्याची. मला वासावरून समजायला पायजे होतं. लोकांनी कसा घेतला असंल."

"पण उतरवताना तुम्ही चाखून बघत नाही का?"

"चाखत व्हते की. आता नऊ वर्सं झाली, नाय चाखत. मला बंद हाय ना. रंगावरून, वासावरून धरते."

मी मान खाली घातली. नऊ वर्षं दर महिन्याला बाटली मी हातात घेत होतो, आणि हे मला माहीत नव्हतं. आम्ही त्यांना पेला बंद केला होता. पातेल्यातला थेंब त्यांनी स्वतः बंद करून घेतला होता, आणि तेही कुणाला दाखवायला नाही.

"कसली बंदी?" पाळकांनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मला वही दाखवावी लागली. आढाव भला माणूस. ते म्हणाले, आजी, पुढच्या वेळेपासून तुम्ही मेजाशी या, मी जबाबदार. बाई म्हणाल्या, "तुमच्या एकल्याच्या मनानं नको, पाळकसाहेब. मंडळीनं घातलंय, मंडळीनं काढावं. जिथनं वाचलं तिथनं वाचा, म्हंजे झालं."

कमिटीत विषय आला. आढावांनी सरळ विचारलं, आरोप काय होते आणि ते खोटे होते का? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जुन्या पाचांपैकी चार अजून कमिटीत होते. मी म्हणालो, "साहेब, जुनी गोष्ट आहे. बाईंचा स्वभाव तापट. त्यांनी एक छोटंसं माफीपत्र दिलं तर बंदी लगेच उठवता येईल." माना डोलल्या. आढावांना ते रास्त वाटलं. माफीपत्र मीच लिहिलं, सुवाच्य, चार ओळींचं. 'मी रागाच्या भरात केलेले आरोप खोटे होते, त्याबद्दल मी मंडळीची क्षमा मागते.'

दुसऱ्या दिवशी बोर्डिंगातून त्या परतल्यावर मी ते घेऊन गेलो. बाईंनी ओळीखाली बोट ठेवून वाचलं. दोनदा वाचलं.

"मास्तर, तुम्हाला ठाऊक हाय मी खोटं नव्हते बोलले."

"मला ठाऊक आहे."

"मंग तुम्हीच लिवलं हे?"

"फक्त सही करा, झुंबरबाई. पुढच्या महिन्यात मेजाशी याल. किती वर्षं झाली. तुम्हाला वाटत नाही का?"

तेव्हा त्यांचे डोळे भरले. बारा वर्षांत माझ्यासमोर त्या एकदाच रडल्या, ते तेव्हा. "लय वाटतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही समदे तिकडं जाता ना, तवा पाय आपसूक उठतात माझे. धरून ठेवते. आन् तुम्ही म्हनता, खोट्यावर सही कर आन् ये. मंग मी पोराच्या दाखल्याला का नडले? त्याचं सोन्यासारखं सीट घालवलं ते कशाला?"

त्यांनी कागदाची घडी करून माझ्या हातात परत दिली. चहा केला, मी प्यालो. जाताना म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करते हां, मास्तर. खोटं नाय सांगत." तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला झोप लागली असती.

मी कमिटीला सांगितलं, बाई सही करायला तयार नाहीत. आढाव हळहळले आणि पुढच्या विषयाकडे वळले. बाईंनी पातेल्याला कल्हई लावून आणली आणि पुढची तीन वर्षं रस एकदाही करपला नाही. कसं जमवायच्या देव जाणे. मी एकदा खिडकीतून पाहिलं. पातेल्यावर तोंड नेऊन त्या नुसत्या वास घेत होत्या, चमचा वर धरून थेंब कसा गळतो ते बघत होत्या, आणि ओठ घट्ट मिटलेले.

शहाऐंशीच्या जानेवारी अखेरीस थंडी फार पडली. बाई आठवडाभर तापानं फणफणल्या होत्या, तरी अंथरुणातून उठून स्वयंपाक चालूच. शनिवारी सकाळी बाटली आली नाही म्हणून माझी बायको बघायला गेली. बाई अंथरुणात गेलेल्या होत्या. जयरामला निरोप धाडला.

नियमाप्रमाणे बंद असलेल्या माणसाची अंत्यविधीची उपासना चर्चमध्ये होत नाही आणि घंटा वाजत नाही. दफनभूमीत कोपऱ्यात जागा मिळते. देवरामची कबर मधल्या रांगेत, शेजारी बाईंसाठी जागा सोडलेली. आणि ही घंटा देवरामनं वीस वर्षं वाजवलेली.

आढाव माझ्याकडे आले. "मास्तर, त्या माफीपत्राचं शेवटी काय झालं? काहीतरी मार्ग आहे का?"

मी क्षणभरही थांबलो नाही, हे मला लिहिलं पाहिजे. "दिलं होतं की त्यांनी," मी म्हणालो. "मागच्या वर्षी. तुम्ही पुण्याला सभेला गेला होतात. पुलपिटावरून वाचायचं तेवढं राहून गेलं, म्हणून त्या मागेच बसत. वहीत नोंद आहे, दाखवतो."

घरी येऊन मी वही उघडली. मागच्या ऑगस्टच्या सभेखाली अर्धं पान कोरं होतं. तिथं लिहिलं: 'श्रीमती झुंबरबाई देवराम पगारे यांनी आपले आरोप खोटे असल्याचे कबूल करून लेखी क्षमा मागितल्याने त्यांच्यावरील बंदी उठविण्यात येत आहे.' त्याच पानावर, तेवढ्याच शाईत 'त्यांचे आरोप खरे होते' असंही लिहिता आलं असतं. एक ओळ कमीच लागली असती. पण विलासला नुकतीच बढती मिळाली होती. बाई गेल्या, आता त्यांना काय फरक पडतो, असं मी स्वतःला सांगितलं. चार जुन्या पंचांनी नोंद वाचली आणि त्यावर एक शब्द काढला नाही. आढावांचा माझ्यावर विश्वास होता.

घंटा वाजली. चर्च भरलं. आढावांनी उपदेशात सांगितलं की आपल्या या भगिनीनं नम्रपणे आपली चूक मान्य केली आणि ती पुन्हा मंडळीत आली. मी पहिल्या बाकावर होतो. बाईंना देवरामच्या शेजारी पुरलं.

दफनभूमीतून परतताना जयराम माझ्याबरोबर चालत होता. हातात कापडी पिशवी.

"मास्तर, आईला परत घेतलं होतं?"

"हो."

"तिनं लिहून दिलं?"

"हो. मागच्या ऑगस्टात."

"मी दर रविवारी येत होतो. मला बोलली नाही." तो थांबला. "बारा वर्षं तिचा तोच एक घोर होता, आणि सुटका झाली तर मला सांगितलं नाही?"

मी म्हणालो, "लाज वाटली असेल."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग पिशवीतून बाटली काढली. बुचावर मलमलीचं फडकं बांधलेलं, नेहमीसारखं. "खोलीत फळीवर होती. काल तापातच उठून केला असणार. उद्या पहिला रविवार आहे, म्हणून तुमच्याकडे देतो." देताना म्हणाला, "परत घेतलं होतं, तर हा तिनं चाखला असेल. तेवढं तरी मिळालं तिला."

"चाखला असेल," मी म्हणालो.

रविवारी मेजाशी सगळ्यांत आधी पंच जातात. आढावांनी माझ्या हातात पेला दिला. मागचा बाक रिकामा होता. मी पेला तोंडाला लावला. रस करपलेला होता, इतका की जीभ आक्रसली. माझ्या शेजारच्या पंचानं तोंड वाकडं केलं आणि हळूच म्हणाला, "बाईनं शेवटचा बघितला नाही वाटतं चाखून."

मी पेला संपवला आणि पुसून जागेवर ठेवला.